रक्तातील साखर : आकडा कसा वाचावा?



घरात कोणाची रक्ततपासणी झाली की रिपोर्ट वाचण्याचे काम पुष्कळदा तुमच्याकडे येते. कारण तुम्ही 'सायन्सवाले'! उपाशीपोटीची साखर ९९ दिसली की घर निश्चिंत होते. १०१ दिसली की चेहरे उतरतात. प्रयोगवहीत मापनातील त्रुटी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने तरी असे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रिपोर्टवरील आकडा हे एक मापन असते, आणि ते मापन म्हणूनच वाचले पाहिजे.

प्रथम एकक पाहा. साखर ९० म्हणजे दर १०० मिलिलिटरमागे ९० मिलिग्रॅम ग्लुकोज. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. ढोबळ हिशेब केला तर साडेचार ग्रॅम, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा! रात्रीच्या उपासात यकृत थोडेथोडे ग्लुकोज रक्तात सोडते आणि स्वादुपिंडातून येणारे इन्शुलिन त्याला आवर घालते. हा तोल पाहायचा असल्यामुळेच तपासणीपूर्वी किमान ८ तास पाण्याखेरीज काही घ्यायचे नसते. 'अर्धाच कप चहा घेतला होता' हे तेथे चालत नाही.

आता १०० ही रेघ कोणी आखली? निसर्गाने नव्हे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २००३ साली ही मर्यादा ११० वरून १०० वर आणली. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २००६ च्या अहवालात ११० च कायम ठेवली. १२६ किंवा त्याहून अधिक साखर हे मधुमेहाचे लक्षण मानतात. पण इतर स्पष्ट लक्षणे नसतील तर डॉक्टर दुसऱ्या तपासणीने खात्री करून घेतात. कारण एकाच माणसाची साखरही रोज थोडी बदलते. शिवाय नळीत घेतलेल्या रक्तातील पेशी ग्लुकोज वापरतच राहतात. काळजी न घेता ते तसेच ठेवले तर साखर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के घटते! मग ९९ आणि १०१ यांत फरक तो किती?

इन्शुलिनचे मापन याहून अवघड. रक्तात ते ग्लुकोजच्या मानाने वजनाने लाखो पटींनी कमी असते. ते मोजण्याची युक्ती रोझलिन यॅलो या भौतिकीच्या अभ्यासक आणि डॉ. सॉलोमन बर्सन यांनी अमेरिकेत १९५० च्या दशकात शोधली. त्यासाठी त्यांनी किरणोत्सारी आयोडीन जोडलेले इन्शुलिन वापरले. यॅलो यांना त्याबद्दल १९७७ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा दुसरा आकडा कशासाठी? दोन बैलगाड्या सारख्याच वेगाने चालल्या आहेत, एक डांबरी रस्त्यावर, दुसरी वाळूतून. नुसता वेग पाहून बैलांचे कष्ट कळतील काय? दोघांची साखर ९५ आहे, पण एकाचे इन्शुलिन ६ आणि दुसऱ्याचे २० एकक, तर दुसऱ्याच्या स्वादुपिंडाला तेवढ्याच कामासाठी जास्त कष्ट पडत आहेत. यालाच इन्शुलिन-रोध म्हणतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९८५ साली त्यासाठी सोपे सूत्र दिले : साखर गुणिले इन्शुलिन, भागिले ४०५. पहिल्याचे उत्तर १.४, दुसऱ्याचे ४.७.

तथापि येथेही सावध राहा. इन्शुलिन मोजण्याच्या पद्धती निरनिराळ्या असल्याने दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळतीलच असे नाही, आणि मधुमेहाचे निदान इन्शुलिनच्या आकड्यावरून करत नाहीत.

शिक्षकबंधुभगिनींनो, नाव झाकलेला असा एक रिपोर्ट वर्गात फळ्यावर मांडा. एकके, त्रुटी, मर्यादा, सारे त्यातून शिकवता येईल. व्हर्नियरची त्रुटी पाठ करणारा मुलगा घरच्या रिपोर्टपुढे गोंधळत असेल, तर आपले शिकवणे अपुरे आहे.

आणि मित्रहो, उपचार डॉक्टरच ठरवतील. तुम्ही मात्र आजीचा रिपोर्ट हाती आल्यावर तीन प्रश्न जरूर विचारा : उपास किती तासांचा होता? पूर्वीचे आकडे काय होते? तपासणी पुन्हा करायची आहे काय? उगाच घाबरणे आणि उगाच निर्धास्त राहणे, दोन्ही त्याने टळेल.