समृद्ध रानालाही राखण हवी

ज्या रानात स्थानिक प्रजाती विपुल, तिथे परक्या वनस्पतींना सहसा थारा मिळत नाही, असा विचार ब्रिटिश परिस्थितिकीतज्ज्ञ चार्ल्स एल्टन यांनी १९५८ मध्ये मांडला. ऊन, पाणी आणि माती आधीच वाटली गेली असेल, तर नवागताला उरणार काय, हा त्यामागचा तर्क. अमेरिकेत मिनेसोटातील सीडर क्रीकच्या गवताळ वाफ्यांनी त्याला दुजोरा दिला. जिथे प्रजाती अधिक होत्या, तिथे परके तण कमी रुजले आणि रुजले तेही खुरटे राहिले.

मग विविधतेने गजबजलेल्या सह्याद्रीत घाणेरी आणि रानमोडी का माजली? हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकेतच १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत स्थानिक प्रजातींनी संपन्न असलेल्या अनेक भागांत परक्या वनस्पतीही जास्त आढळल्या. सुपीक माती आणि पुरेसा ओलावा सर्वांनाच मानवतो.

कॅलिफोर्नियातील ईल नदीवरच्या अभ्यासाने या दोन्ही निरीक्षणांचा मेळ घातला. बी सारखेच पेरले, तेव्हा विविधतेने परक्या रोपांना अडवले. एरवी मात्र जास्त प्रजातींच्या जागीच ती अधिक दिसत, कारण तिथे बीही अधिक पोहोचत होते. म्हणजे विविधता विरोध करते, पण बियांच्या माऱ्यापुढे तो विरोध तोकडा पडतो.

सह्याद्रीत याला जमिनीच्या मोडतोडीची जोड मिळते. दाट सावलीच्या सदाहरित रानात घाणेरी फारशी शिरत नाही. रस्त्यांच्या कडा, तोड झालेले माळ आणि वणव्याने उघडे पडलेले उतार ती चटकन धरते आणि तिची फळे खाणारे पक्षी बी दूरवर नेतात.

म्हणून ‘रान आपले आपण सावरेल’ हा भरवसा अपुरा आहे, तसाच नुसता उपटण्याचा कार्यक्रमही. मोकळ्या सोडलेल्या जमिनीवर घाणेरी पुन्हा उगवते. स्थानिक गवते आणि झुडपे लावून जोपासणे वेळखाऊ आणि खर्चिक असते, शिवाय काही ठिकाणी घाणेरीच्या जाळीतच प्राणी-पक्ष्यांना आडोसा मिळतो. त्यामुळे तिचे उच्चाटन टप्प्याटप्प्याने व्हावे आणि साफ केलेल्या प्रत्येक तुकड्यावर लगेच अनेक स्थानिक प्रजाती लावाव्यात. एकाच जातीच्या रोपांची रांग म्हणजे विविधता नव्हे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शाबूत राने फोडू नयेत. एकदा फोडलेले रान सावरण्यापेक्षा ते राखणे केव्हाही स्वस्त आहे. वन विभागाने आणि ग्रामसभांनी पहिला खर्च या राखणीवर करावा.