सिद्धतेपूर्वीचा विश्वास

गणितातील विधान एक तर सत्य असते किंवा असत्य; तेथे ‘बहुधा’ला थारा नाही, आणि सिद्धतेवाचून बाळगलेला विश्वास म्हणजे शास्त्राचा अंगरखा घातलेली श्रद्धाच होय, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो.

आक्षेपाचा पूर्वार्ध निर्विवाद आहे. उत्तरार्ध मात्र विधानाची निश्चितता आणि जाणत्याचा निश्चय यांची गल्लत केल्यावाचून निष्पन्न होत नाही. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांचे जाळे घेऊन बिंदूंचे दोन गट असे पाडावयाचे की जास्तीत जास्त रेषा एका गटातून दुसऱ्यात जाव्यात, या प्रश्नाचे उत्तर पूर्णतः निश्चित असते. परंतु एकेक बिंदू वाढताच शक्य विभागण्या दुप्पट होतात, म्हणून पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली सिद्ध केलेल्या ‘परम ८०००’ या महासंगणकाहून सहस्रपट वेगवान यंत्र आणले, तरी एकेक विभागणी तपासणाऱ्याच्या पदरात अधिक पडतात ते अवघे दहाच बिंदू. गणनेची मुदत अशी संपली की विवेकी मनुष्याजवळ अदमासच उरतो.

त्या अदमासाला शिस्त असू शकते. इचलकरंजीचे सुभाष खोत यांनी २००२ साली ‘युनिक गेम्स’ ही, विशिष्ट प्रकारच्या प्रश्नांचे अदमासे उत्तर काढणेही दुर्घट आहे असे सांगणारी, अटकळ मांडली, आणि पुढे सहकाऱ्यांसह असे दाखविले की, ती खरी असेल व पी (जलद सोडविता येणारे प्रश्न) आणि एनपी (ज्यांचे उत्तर जलद पडताळता येते असे प्रश्न) हे वर्ग भिन्न असतील, तर उपर्युक्त प्रश्नात महत्तम उत्तराच्या सुमारे ०.८७८ पटीची हमी देणाऱ्या, गोमन्स व विल्यमसन यांच्या रीतीवर कोणतीही जलद रीत मात करू शकणार नाही. २०१० साली अरोरा, बराक व स्टॉयरर यांना या अटकळीच्या प्रश्नांसाठी अनपेक्षित वेगाची रीत सापडली, तेव्हा अटकळीचे वजन घटले. २०१८ साली खोत, मिन्झर व सफ्रा यांनी तिच्या निकटचे प्रमेय सिद्धीस नेले, तेव्हा ते वाढले. श्रद्धेच्या खात्यात असा जमाखर्च होत नसतो.

नैयायिकांनीही तर्काला प्रमाणाचा दर्जा दिला नाही, तथापि प्रमाणाचा अनुग्राहक म्हणून त्याची नेमणूक कायम ठेवली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९२८ साली प्रसिद्ध केलेला झळकीकरांचा ‘न्यायकोश’ उघडणाऱ्यास ही व्यवस्था परिचित आहे.

तेव्हा दंडक एवढाच असावा, की अटकळीवर उभारलेल्या प्रत्येक निष्कर्षात तिची शर्त नमूद व्हावी, आणि विरुद्ध पुरावा दाखल होताच विश्वासाची मात्रा बिनतक्रार उतरावी. हा दंडक नाकारणारा संशोधकही कोणत्या असिद्ध प्रश्नावर आयुष्याची दहा वर्षे खर्चावीत हे ठरवितोच; फरक इतकाच की, तो आपला हिशेब तपासणीस खुला करीत नाही.