निवेदकाचा चेहरा : दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव आणि आबा टिपरे

मराठी विनोदाचा इतिहास शिकवताना आम्ही श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. देशपांडे अशी नावे ओळीने घेतो आणि तिथे थांबतो. हा विनोद ज्या नटांनी रंगमंचावर किंवा पडद्यावर उभा केला, त्यांचा उल्लेख झालाच तर तो जाता जाता होतो. ‘सादरीकरण’ या एका शब्दात त्यांचे काम आटोपले जाते. जणू अर्थ लेखकाने पूर्ण करून ठेवलेला असतो आणि नट तो केवळ पोचता करतो. ही विभागणी निदान एका नटाच्या बाबतीत टिकत नाही, असे आमचे मत आहे. दिलीप प्रभावळकरांनी मुंबई दूरदर्शनवर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात साकारलेला चिमणराव आणि २००१ साली ‘अल्फा मराठी’वर सुरू झालेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेतले आबा या दोन भूमिका म्हणजे मराठी विनोदी गद्याची दोन समर्थ वाचने आहेत. त्यांच्याकडे तसे पाहिल्यास विनोदी वाङ्मयाविषयीची आपली काही ठरीव विधाने पुन्हा तपासावी लागतात.

प्रथम चिमणरावांविषयी. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) हे पाली भाषेचे व्यासंगी अभ्यासक, बडोद्यात अध्यापन करणारे. त्यांनी निर्माण केलेला चिमणराव स्वतःच्या गोष्टी स्वतः सांगतो, हे या कथांचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य आहे. बहीण चिमीच्या लग्नाची खटपट असो की मुलाबाळांचे उपद्व्याप, सारे काही त्याच्या ‘मी’मधून आपल्यापर्यंत येते. हा ‘मी’ स्वतःला शहाणा, धोरणी आणि वेळप्रसंगी शूर समजतो. प्रत्यक्षात काय घडले ते वाचकाला त्याच्याच वाक्यांच्या फटींतून दिसत राहते. चिमणराव जे सांगतो आणि जे घडलेले असते, त्यांतल्या अंतरात हा विनोद राहतो. वर्गात आपण या विनोदाला ‘विसंगती’ किंवा ‘अतिशयोक्ती’ अशी लेबले लावून मोकळे होतो. पण ती विसंगती प्रसंगात कमी आणि निवेदनात अधिक आहे, हे सांगायचे राहून जाते.

आता ही कथा पडद्यावर नेताना काय होते ते पाहावे. निवेदन नाहीसे होते. जे घडले ते कॅमेरा सरळ दाखवतो आणि चिमणरावाच्या साक्षीची गरज उरत नाही. अशा वेळी सामान्य नट ‘घडलेले’ तेवढे वठवतो : धडपडणारा, घाबरणारा, फजिती पावणारा एक बावळट गृहस्थ. प्रेक्षक हसतात, पण ते प्रहसन होते. चिंतामणरावांच्या कथेचा आत्मा त्यातून निसटलेला असतो. प्रभावळकरांनी निवडलेली वाट वेगळी होती. त्यांनी चिमणरावाची फजिती वठवली नाही. त्या फजितीविषयी चिमणरावाची स्वतःची जी समजूत असते, ती वठवली. भोवती सर्व काही कोसळत असताना चेहऱ्यावर मात्र, आपण परिस्थिती नीट हाताळत आहोत, असा प्रामाणिक भाव. आपण विनोदी आहोत याची या माणसाला शेवटपर्यंत वार्ता नाही. पुस्तकातला निवेदक शब्दांतून गेला तो नटाच्या चेहऱ्यावर येऊन बसला. यालाच आम्ही वाचन म्हणतो.

या जागी बाळ कर्वे यांच्या गुंड्याभाऊचे ऋण मानले पाहिजे. पुस्तकात गुंड्याभाऊदेखील चिमणरावाच्या निवेदनातूनच भेटतो. पडद्यावर तो स्वतंत्र साक्षीदार होतो. कर्वे यांच्या भरदार, रोखठोक गुंड्याभाऊमुळे वस्तुस्थितीच जणू चिमणरावाच्या शेजारी उभी राहिली. एक माणूस म्हणजे घटना आणि दुसरा म्हणजे त्या घटनेची सोयीस्कर आवृत्ती, अशी ही जोडी होती. त्याआधी मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावे करून’ (१९४०) या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ही जोडी गाजवली होती. तरीही पुढच्या पिढ्यांच्या मनातली प्रतिमा प्रभावळकर-कर्व्यांचीच राहिली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बाळ कर्वे गेले, तेव्हा आदरांजलीच्या बहुतेक मजकुरात त्यांचे नाव गुंड्याभाऊच्या नावाला जोडूनच आले, हे स्वाभाविक होते.

नटाचा स्वतःचा प्रवास लक्षात घेतला तर या यशाची पूर्वतयारी दिसते. ४ ऑगस्ट १९४४ हा प्रभावळकरांचा जन्मदिवस. रत्नाकर मतकरींच्या बालरंगभूमीवर ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण त्यांनी केली. मुलांना भिववणारी आणि त्याच क्षणी हसवणारी ती भूमिका म्हणजे नटाची चांगलीच परीक्षा; मूल हे सर्वांत निर्दय प्रेक्षक असते, नट खोटे वागला की ते तत्काळ दुसरीकडे पाहू लागते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. घरोघरी संच नव्हते, वाहिनी एकच होती, आणि शेजारपाजारचे लोक एका खोलीत दाटीवाटीने बसून कार्यक्रम पाहत. अशा माध्यमात चेहरा जवळून दिसतो. रंगभूमीवरचा मोठा हावभाव तिथे ओरडल्यासारखा वाटतो. आवाज खाली आणून, डोळ्यांनी आणि विरामांनी काम करण्याची जी रीत प्रभावळकरांनी तिथे अवलंबिली, तिने पुढच्या मराठी दूरचित्रवाणी-विनोदाला एक मर्यादाशील वळण लावले.

लोकप्रियता ही विनोदी नटाला मिळणारी शिक्षाही असते. प्रेक्षक त्याला त्याच टोपीत पुन्हा पुन्हा पाहू इच्छितात. प्रभावळकरांनी त्यापासून सुटका करून घेतली ती विनोद सोडून नव्हे; विनोदातच राहून, पण प्रत्येक वेळी वेगळा माणूस होऊन. ‘हसवाफसवी’ हे त्यांनी स्वतः लिहिलेले नाटक या धडपडीचे उघड रूप आहे. त्यात त्यांनी सहा भूमिका केल्या, आणि त्यांतील कृष्णराव हेरंबकर या वृद्ध गायकनटाच्या भूमिकेपाशी आल्यावर हसणारे प्रेक्षागृह हळूहळू गंभीर होत जाई. ‘चौकट राजा’ (१९९१) मधला नंदू, ‘झपाटलेला’ (१९९३) मधला तात्या विंचू, ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) मधले गांधीजी ही परस्परांपासून फार दूरची माणसे आहेत. पण नटाची पद्धत एकच आहे. विशेषतः गांधीजींच्या भूमिकेत, भोवतालचा सगळा चित्रपट विनोदी असताना ते स्वतः विनोदाच्या वाटेला जात नाहीत. त्या वर्षी त्यांना सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो या चित्रपटासाठी आणि ‘शेवरी’साठी. पुढे २०२५ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, ‘दशावतार’ या चित्रपटात कोकणातल्या दशावतारी कलावंताची मध्यवर्ती भूमिका त्यांनी केली.

या सर्व प्रवासात आबा टिपरे ही भूमिका आम्हांला निर्णायक वाटते. कारण इथे नट आणि लेखक एकच आहे. प्रभावळकरांनी वृत्तपत्रात ‘अनुदिनी’ हे रोजनिशीच्या रूपातले सदर लिहिले, त्याचे पुस्तक झाले आणि त्यावरून केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनाखाली ही साप्ताहिक मालिका निघाली. रोजनिशी म्हणजे पुन्हा प्रथमपुरुषी निवेदन. चिमणरावांपासून सुमारे पाव शतकाने हा नट फिरून ‘मी’च्याच दाराशी आला, हा योगायोग नसावा.

मात्र हा ‘मी’ वेगळा आहे. चिमणरावाला स्वतःविषयी काहीच कळत नाही. आबांना बरेच कळते. मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडे शलाका आणि शिऱ्या यांच्या घरात आबा हे मुख्यतः ऐकणारे आहेत. इथला विनोद स्वतःविषयीच्या गैरसमजातून निर्माण होत नाही; एकाच छताखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांना एकच गोष्ट तीन प्रकारे दिसते, त्यातून तो उमलतो. त्यामुळे अभिनयही बदलतो. चिमणराव बोलण्यातून उलगडतो, आबा ऐकण्यातून. समोरचा बोलत असताना त्यांच्या मुद्रेवर जे सूक्ष्म बदल होत, तेच पुष्कळदा त्या प्रसंगाचे खरे संवाद असत. त्या वेळी प्रभावळकर साठीच्याही अलीकडे होते. पण म्हातारपण त्यांनी कमरेच्या बाकात न दाखवता, घाई नसण्यात दाखवले.

इथे एक आक्षेप नोंदवायला हवा, आणि तो आम्हांला गंभीर वाटतो. चिं. वि. जोशी यांचा विनोद सौम्य म्हणून प्रसिद्ध असला तरी तो निरुपद्रवी नाही. पांढरपेशा वर्गाचा भेकडपणा, पोकळ प्रतिष्ठा, कौटुंबिक देवघेवीतला कंजूषपणा यांवर त्यात नेमके बोट ठेवलेले आहे. दूरदर्शनच्या पडद्यावर मात्र तो काळ, ते कपडे, ती घरे यांच्याविषयीची हळहळ वरचढ ठरली. ज्या वर्गाची टर उडवली जात होती, त्याच वर्गाला आपल्या आजोबांचे छायाचित्र पाहिल्याचे समाधान मिळाले. टिपऱ्यांच्या घरात तर उपरोध आणखी मवाळ झाला. मतभेद होतात, पण ते त्या आठवड्याच्या भागात मिटतात; कोणाच्याही वागण्याची किंमत कोणाला मोजावी लागत नाही. स्वतःला हसणारा मध्यमवर्ग हळूहळू स्वतःला समजून घेणारा झाला आणि मग स्वतःवर खूश असणारा झाला, असा आलेख या दोन भूमिकांमधून काढता येईल. हा दोष एका नटाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. तो माध्यमाचा आणि प्रेक्षकांचाही आहे. पण प्रभावळकरांच्या सभ्य, सहानुभूतीपूर्ण शैलीने त्याला हातभार लावला हे नाकारता येणार नाही. ज्या माणसाला नट आतून समजून घेतो, त्याच्यावर रागावणे प्रेक्षकाला अवघड जाते.

तरीही या दोन भूमिकांचे मोल आज अधिक जाणवते, त्याचे कारण भोवतालच्या विनोदात आहे. ‘चला हवा येऊ द्या’ (२०१४) किंवा ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ (२०१८) यांसारख्या कार्यक्रमांत गुणी नट आहेत आणि त्यांची तयारी दाद देण्याजोगी आहे. त्यांना नाके मुरडणे हा पंडिती आळस होईल. फरक रचनेचा आहे. प्रहसन दहा-पंधरा मिनिटांत संपते आणि त्याबरोबर ते पात्रही बहुधा संपते. नटाला हशा तत्काळ मिळवावा लागतो. चिमणराव आणि आबा यांच्यामागे लिहिलेले गद्य होते. पात्राला गेल्या आठवड्याचे आयुष्य होते आणि पुढच्या आठवड्याचेही. हशा उशिरा आला तरी चालत असे. दूरचित्रवाणीवरचा विनोद पुस्तकापासून तुटला, तेव्हा नटाकडून वाचनाची अपेक्षाही उरली नाही. उरली ती चपळाईची.

हे सारे अभ्यासायचे म्हटले तर अडचण मोठी आहे. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात चित्रफिती महाग होत्या आणि एकावर दुसरा कार्यक्रम मुद्रित करण्याची रीत होती. मूळ ‘चिमणराव’ मालिकेचे फारच थोडे आज पाहायला मिळते. ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ ग्रंथालयात सापडते. त्याचे सर्वांत प्रभावी वाचन मात्र ज्यांनी पाहिले त्यांच्या स्मरणातच आहे, आणि ती पिढी आता साठीच्या आसपास किंवा तिच्या पुढे आहे. आमच्या विद्यार्थ्यांना तात्या विंचू ठाऊक असतो, आबा ऐकून माहीत असतात. चिमणराव हे केवळ प्रश्नपत्रिकेतले नाव असते.

मराठी विभागांनी इथे काही करता येण्याजोगे आहे. चिं. वि. जोशींची एखादी कथा शिकवताना विद्यार्थ्याला एवढेच विचारावे : यातला ‘मी’ काढून टाकला तर तुम्ही काय दाखवाल? या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्याला कथेचे निवेदनतंत्र कळेल आणि नटाच्या कामाची प्रतही कळेल. त्याच जोडीला, ज्यांनी ती मालिका पाहिली आहे अशा आपल्याच घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्याने लिहून आणाव्यात. स्मरण हा कच्चा पुरावा असतो हे खरे. परंतु चित्रफितीच नसतील तेव्हा तोच आपला दप्तरखाना आहे, आणि तो फार दिवस उघडा राहणार नाही.