म्होरकी चढवण्यापूर्वी

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठच्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबरच्या घोडेबाजारातून मारवाडी, काठेवाडी व मिश्र रक्ताची तरुण जनावरे ठिकठिकाणच्या पागांत, वरातीच्या घोडेवाल्यांकडे आणि हौशी पाळणाऱ्यांकडे जातात. यांतील काही उत्तम हाताळलेली असतात. काहींना मात्र माणसाचा हात केवळ पकडणारा, दाबणारा किंवा सुई टोचणारा म्हणूनच ठाऊक असतो. अशा बुजऱ्या शिंगराला ट्रकमधून उतरवून नव्या ठाणावर पहिल्याच दिवशी म्होरकी घालायची, आखूड दाव्याने पक्क्या खुंट्याला बांधायचे आणि झटापट करून थकले की ते वळणावर आले असे मानायचे, ही पद्धत अजूनही पाहावयास मिळते. ती क्रूर आहे एवढे म्हणून तिचा विचार संपत नाही, कारण ती वापरणारे मोतद्दार आणि चाबुकस्वार बहुधा जनावरावर जीव लावणारेच असतात. जनावर कसे शिकते याविषयीचा तिच्यामागील समज उलटा आहे, हा तिच्यावरील मुख्य आक्षेप आहे.

माणसाळवणे आणि म्होरकीचे शिक्षण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. माणसाळवणे म्हणजे माणसाचे अस्तित्व, वास, आवाज आणि स्पर्श यांविषयीची भीती क्रमाने ओसरू देणे. म्होरकीचे शिक्षण म्हणजे डोक्यावर पडणाऱ्या दाबाचा अर्थ जनावराला कळणे आणि त्या दाबाला विरोध न करता त्याच्या दिशेने पाऊल टाकणे. पहिले शिक्षण पुरे होण्याआधी दुसरे सुरू केले, तर शिंगराला दाबाचे उत्तर शोधण्याची उसंतच मिळत नाही, कारण त्याचे सारे लक्ष पळण्याची वाट शोधण्यात गुंतलेले असते.

घोडा हा कळपाने राहणारा आणि धोका दिसताच पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवार दिसते, परंतु कपाळाच्या अगदी समोरचा थोडा भाग आणि शेपटीच्या थेट मागचा पट्टा त्याच्या नजरेबाहेर राहतो. अनोळखी माणूस समोरून चालत येऊन कपाळाकडे हात नेतो, तेव्हा तो हात ऐन जवळ आल्यावर दिसेनासा होतो, आणि मग शिंगराने मान झटकून मागे सरावे यात नवल नाही. म्हणून त्याच्या खांद्याच्या रोखाने, तिरप्या चालीने, नजर न रोखता जावे, आणि शिंगराने आपण होऊन नाक पुढे करून हुंगेपर्यंत हात पुढे करू नये, हेच श्रेयस्कर.

पहिला स्पर्श कोठे करावा, याला बरेच महत्त्व आहे. आयाळ जिथे संपते आणि पाठीचा उंचवटा सुरू होतो, त्या मानेच्या बुडाच्या भागात घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. क्लाउडिया फे आणि त्यांच्या सहसंशोधकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कामार्ग घोड्यांना याच जागी हाताने खाजवले असता हृदयाचे ठोके मंदावतात, दुसऱ्या कमी पसंतीच्या जागी खाजवले असता मंदावत नाहीत, असे आढळले. मान चटचट थोपटणे ही शाबासकी देण्याची माणसाची रीत आहे, घोड्यांच्या आपसांतील व्यवहारात तिला जागा नाही. पागेत खरारा फिरवणाऱ्या अनुभवी मोतद्दाराला हे संशोधनाविना ठाऊक असते, आणि तरीही शिंगराला जवळ घेताना तोच माणूस अनेकदा थोपटतो.

माणसाविषयीची भीती आधी घालवण्याचा हा विचार नवा नाही. ग्रीक लेखक झेनोफोन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर लिहिलेल्या ग्रंथात असे सुचवले आहे की, शिंगराची भूक, तहान आणि माश्यांचा त्रास यांचा संबंध एकटेपणाशी, तर वैरण, पाणी आणि त्या त्रासातून सुटका यांचा संबंध माणसाशी जुळेल अशी व्यवस्था करावी. आधुनिक संशोधनाने या सूचनेला एक महत्त्वाची जोड दिली आहे. फ्रान्समधील रेन येथील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात, शिंगरू जन्मल्यानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत रोज थोडा वेळ घोडीलाच हळुवारपणे खरारा केला आणि हाताने चारले, शिंगराला हात लावला नाही. तरी ती शिंगरे पुढे माणसाजवळ यायला कमी बिचकत. याउलट अमेरिकी पशुवैद्य रॉबर्ट मिलर यांनी लोकप्रिय केलेल्या, नवजात शिंगराला जन्मताच धरून सर्वांगावर हाताळण्याच्या पद्धतीचे दीर्घकाळ टिकणारे लाभ नंतरच्या चाचण्यांत स्पष्टपणे दिसून आले नाहीत. ज्या पैदासकारांना शिंगरे माणसाळलेली हवी आहेत, त्यांनी घोडीच्या माणसाळण्याकडे लक्ष द्यावे, असा याचा सरळ अर्थ निघतो. घोडी कान मागे पाडून माणसाला दूर ठेवत असेल, तर शिंगरू तिच्याकडून तेच उचलते.

बाजारातून आणलेल्या, आई मागे राहिलेल्या जनावराच्या बाबतीत हा मार्ग अर्थातच बंद असतो. तेथे ज्या वस्तूची भीती वाटते तिचा परिचय पायरीपायरीने, भीती उसळण्याच्या मर्यादेखाली राहून करून देणे, हाच उपाय उरतो. डेन्मार्कमध्ये यान्ने विंथर क्रिस्टेन्सन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तरुण घोड्यांवर तीन पद्धतींची तुलना केली. फडफडणारी पिशवी एकदम पुढे करून जनावर शांत होईपर्यंत तशीच ठेवणे, तिचा परिचय लहान लहान टप्प्यांनी करून देणे, आणि ती दिसताच खाद्य देणे, अशा त्या पद्धती होत्या. टप्प्याटप्प्याच्या पद्धतीत दचकून पळण्याचे प्रसंग सर्वांत कमी आले आणि त्या गटातील सर्व घोडे शिकले. अन्य पद्धतींत काही घोडे शेवटपर्यंत शिकलेच नाहीत. म्होरकीलाही हाच क्रम लागू पडतो. प्रथम दोराची गुंडाळी मानेवर घासावी, मग दोर मानेवरून नुसता टाकून काढून घ्यावा, मग उघडी म्होरकी नाकापर्यंत नेऊन परत आणावी, आणि शिंगराने मान उंचावण्यापूर्वीच प्रत्येक वेळी माघार घ्यावी. कान शेवटी. औषध पाजताना किंवा नाल ठोकताना ज्या जनावराचे कान पिळून धरले गेले आहेत, ते डोक्याकडे येणारा प्रत्येक हात संशयाने पाहते, आणि एका मिनिटाच्या सोयीसाठी केलेली ही गोष्ट निस्तरायला पुढे महिने लागू शकतात.

म्होरकी म्हणजे तोंडात लोखंड न घालता केवळ डोक्यावर बसणारी, नाकपट्टी, गालपट्ट्या आणि कानांमागची पट्टी यांची सांगड. तिची नाकपट्टी गालाच्या हाडाचा कंगोरा जेथे संपतो त्याच्या दोन बोटे खाली बसावी, त्याहून खाली जाऊ नये. कारण खालच्या टोकाला नाकाचे हाड पातळ होत जाते, त्यापुढे केवळ मऊ भाग असतो, आणि घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नसल्यामुळे तेथील दाब त्याला श्वास कोंडल्यासारखा वाटतो. पट्टीखाली दोन बोटे सहज जावीत. बारीक नायलॉनच्या दोराची म्होरकी ओढल्याचा संदेश नेमका पोचवते खरी, पण झटापटीत तीच कातडी कापते. आरंभीच्या कामाला रुंद सुती पट्टीची किंवा चामड्याची म्होरकी बरी.

शिकवण्याचा खरा गाभा यानंतर येतो. बागडोरीचा, म्हणजे म्होरकीला जोडलेल्या हातातल्या दोराचा, ताण जनावराला काहीही शिकवत नाही. ताण सुटतो त्या क्षणी ते जे करत असते, तेवढेच ते शिकते. शिक्षणशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात. येथे ऋण म्हणजे वाईट नव्हे, तर काढून घेतलेले, आणि नको असलेली गोष्ट काढून घेतल्याने एखादे वर्तन पक्के होते, असा त्या संज्ञेचा अर्थ आहे. म्हणून बागडोर हलकेच ताणून धरावी, ती हिसकू नये आणि सोडूही नये, आणि शिंगराने पाऊल उचलण्याचीही वाट न पाहता त्याने नुसता भार त्या बाजूला झुकवला की त्याच क्षणी ढील द्यावी. दोन क्षण उशीर झाला तरी जनावराच्या लेखी त्या ढिलीचा संबंध दुसऱ्याच कशाशी जुळतो. सुरुवात समोर ओढून न करता बाजूला वळवून करावी, कारण समोरच्या ओढीला शिंगरू चारही पाय रोवून विरोध करू शकते, बाजूच्या ओढीने मात्र तोल सावरण्यासाठी त्याला पाय हलवावाच लागतो. आईच्या अंगावर पिणाऱ्या शिंगराला तर केवळ डोक्याने ओढूच नये. मानेच्या कोवळ्या मणक्यांना इजा होण्याचा धोका असतो, आणि पुठ्ठ्यामागून घेतलेल्या मऊ दोराने त्याला पुढे चालते करता येते.

खुंट्याचा दोष येथे उघड होतो. खुंटा ढील देत नाही. शिंगरू मागे ओढ घेते तेव्हा दाब वाढतो, पुढे सरते तेव्हा कमी होतो, आणि एवढ्यावरून ते आपोआप शिकेल असा त्यामागचा हिशेब असतो. परंतु भेदरलेले जनावर दाबातून सुटण्यासाठी प्रथम मागेच जाते, आणि दावे तुटले किंवा म्होरकी निसटली तर मागे जाण्यानेच सुटका होते हा धडा एकदाच मिळून कायमचा पक्का होतो. दावे तुटले नाही तर शिंगरू मागे उलटून डोक्याच्या मागच्या भागावर आदळू शकते. जुन्या लष्करी पागांतील अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढच्या व मागच्या पायांचे दोर, ही तयार घोड्यांना ओळीने उभे करण्याची व्यवस्था होती. बुजऱ्या शिंगराला वळण लावण्यासाठी ती वापरणे हा तिचा गैरवापर आहे.

थकून उभ्या राहिलेल्या शिंगराविषयी अधिक गंभीर प्रश्न असा की, ते शांत झाले की हतबल झाले. अमेरिकी अश्वशिक्षक जॉन रेरी याने १८५८ मध्ये इंग्लंडमध्ये, राणी व्हिक्टोरियासमोरही, आपले प्रयोग करून दाखवले. घोड्याचा पुढचा पाय चामडी पट्ट्याने दुमडून बांधायचा, त्याला खाली बसण्यास भाग पाडायचे आणि मग शांतपणे अंगावरून हात फिरवायचा, ही त्याची रीत होती. मारझोडीच्या त्या काळात ती सौम्य ठरली, आणि रेरीच्या हळुवारपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कोणत्याही कृतीने परिस्थिती बदलत नाही असा अनुभव आलेला प्राणी प्रतिसाद देणेच सोडतो, आणि बाहेरून तो आज्ञाधारक दिसतो. या दोन अवस्था वेगळ्या ओळखता येतात. निवांत जनावराची मान उतरते, खालचा ओठ सैल होतो, एक मागचा पाय विसावतो, कान आवाजाकडे वळत राहतात. हतबल जनावर ताठ उभे असते, हनुवटीवर सुरकुत्या असतात, ओठ घट्ट मिटलेले असतात, शेपूट दाबलेली असते आणि अंगावर माशी बसली तरी कातडी थरकत नाही. जिभेने ओठ चाटणे आणि चघळणे हे समजल्याचे चिन्ह मानले जाते. प्रत्यक्षात ते ताणाकडून निवांतपणाकडे जाताना दिसते, म्हणून ते वारंवार दिसत असेल तर काम फार ताण देऊन चालले आहे का, हे तपासावे.

एका बाजूने शिकलेले दुसऱ्या डोळ्याला कळत नाही, हा समज मात्र सोडून द्यावा. एव्हलिन हँगी यांनी १९९९ मध्ये प्रयोगाने दाखवले की, एका डोळ्याने शिकलेले घोडा दुसऱ्या डोळ्यानेही ओळखतो. तरीही डाव्या बाजूने रोज होणाऱ्या हाताळणीची सवय उजवीकडे आयती लागत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी काम करणे इष्ट.

बांधणे सर्वांत शेवटी यावे, आणि तेही दाबाला वळण्याचा धडा पक्का झाल्यावर, पाठीच्या उंचवट्यापेक्षा उंचावर, एका ओढीत सुटणाऱ्या गाठीने आणि जवळ माणूस ठेवून. ठाणावर एकट्या सोडलेल्या जनावराच्या डोक्यावर रात्रभर म्होरकी ठेवू नये. ती अडकते, आणि आडव्या पडलेल्या घोड्याच्या गालावर तिचे कडे दाबले गेल्यास चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा होऊन ओठ लुळा पडू शकतो. दोराने कातडी सोलली गेल्यास ती जखम किरकोळ मानू नये, कारण धनुर्वाताच्या बाबतीत घोडा अतिशय नाजूक आहे. नव्या जनावराचे लसीकरण झाले आहे की नाही, हे शिक्षण सुरू करण्याआधीच पशुवैद्याकडून पाहून घ्यावे.

बाजारात म्होरकी घालून मुकाट उभ्या असलेल्या शिंगराला चांगली किंमत येते, आणि विक्रेते जनावरांना जसे तयार करतात त्यामागे हेच कारण असते. खरेदीदाराने बंदिस्त जागेत म्होरकी उतरवायला आणि पुन्हा चढवायला सांगावे, आणि ती चढताना जनावराच्या मानेकडे, ओठांकडे व कानांकडे पाहावे. विक्रेता यास राजी नसेल, तर पुढे करावे लागणारे काम मनात धरून भाव ठरवावा.