स्वतंत्र पत्रें कोणापासून स्वतंत्र?

वाडीच्या कांहीं वाचकांनीं आम्हांस असा प्रश्न केला आहे कीं, हल्लीं मोबाईलवर रोज पांचपन्नास बातमीदार ‘आम्ही स्वतंत्र, आम्ही निर्भीड’ अशी दवंडी पिटीत येतात. कोणी सरकारचे गोडवे गातो, कोणी सरकारास शिव्या देतो. त्यांत खरा कोण हें गोदामांत पोतीं उचलणाऱ्या माणसानें ओळखावें तरी कसें? प्रश्न रास्त आहे. अमरावती रोडवरील ट्रान्सपोर्टच्या गाळ्यांत माल कांट्यावर चढविल्याशिवाय कोणी बिल्टी करीत नाहीं. परंतु त्याच गाळ्यांत बसून आपण बातमी मात्र न तोलतां डोक्यांत उतरवून घेतों! पोत्यांतील तुटीपेक्षां ही तूट मोठी आहे. कारण त्या बातमीवर आपण मत देतों, शेजाऱ्याशीं वैर धरतों, आणि प्रसंगीं आपल्याच भावाचें डोकें फोडतों.

प्रथम ‘स्वतंत्र’ या शब्दाचीच झडती घेऊं. स्वतंत्र कोणापासून? सरकारपासून असाल, तर शेटजीपासून आहां काय? शेटजीपासून असाल, तर जाहिरातदारापासून? या तिघांपासूनहि असाल, तर लिहिणाऱ्या हाताच्या जातीपासून आहां काय? आणि जो केवळ लोकांच्या वर्गणीवर चालतो, तो त्या लोकांच्या वाहवेचा तरी गुलाम नाहीं ना? एक दोर तोडून दुसऱ्या खुंट्यास बांधून घेणाऱ्या बैलास आम्ही मोकळा म्हणत नाहीं.

पण वाचकहो, पक्ष असणें हा गुन्हा नव्हे. कृष्णराव भालेकरांनीं १८७७ सालीं पुण्यास ‘दीनबंधु’ काढला, डॉ. आंबेडकरांनीं ३१ जानेवारी १९२० रोजीं ‘मूकनायक’ काढला. आमच्या नागपुरांत किसन फागूजी बनसोडे यांनीं ‘विटाळ विध्वंसक’ आणि ‘मजूर पत्रिका’ चालविलीं. यांपैकीं कोणीं आपला पक्ष लपविला? पत्राच्या कपाळावरच तो लिहिलेला होता. उलट ‘केसरी’ साऱ्या राष्ट्राच्या नांवानें गर्जत होता. आणि त्याच ‘केसरी’नें ‘मूकनायका’ची साधी जाहिरात, पैसे देऊं केले असतांहि, छापली नाहीं! मग राष्ट्राचा कोण आणि जातीचा कोण? आमचें म्हणणें इतकेंच कीं, पक्ष उघड सांगणारा पक्षपाती परवडला. निःपक्षपणाचें सोंवळें नेसून पक्ष चालविणारा नको.

आतां दुसरी गोष्ट. पक्ष कोणता हें एक माप, आणि माहिती खरी कीं खोटी हें निराळें माप. या दोहोंची गल्लत करणारा हमखास फसतो. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतो असे आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनीं दिवाण माधवराव बर्वे यांजवर केले. छत्रपतींविषयींची कळकळ खोटी नव्हती. पण ज्या पत्रव्यवहारावर विसंबून आरोप केले तो बनावट निघाला, आणि १८८२ सालीं टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची शिक्षा झाली. त्या खटल्यांत दहा हजारांचा जामीन कोणीं दिला? जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक स्नेही रामशेठ उरवणे यांनीं! आमच्या वडीलधाऱ्यांनीं विरुद्ध पक्षाच्या माणसाचा बोलण्याचा हक्क राखला. पण त्यामुळें बनावट कागद खरे झाले नाहींत. कळकळ खरी असूनहि कागद खोटा असूं शकतो, हा धडा तेव्हांपासून आपल्यापुढें आहे.

याच्या उलटहि घडतें. छापलेला शब्द न् शब्द कोणीतरी सांगितलेला असतो, आणि तरीहि बातमी खोटी असते. २९ सप्टेंबर २००६ रोजीं आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यांत खैरलांजीस एका दलित कुटुंबांतील चौघांचा खून झाला. मोठ्या पत्रांनीं आरंभीं काय छापलें? किरकोळ गुन्ह्याची बातमी, आणि जोडीला अनैतिक संबंधाची गांवकुजबूज! जमिनीचा तंटा आणि जातीचा मत्सर हें मूळ कारण शोधून काढण्यास कार्यकर्त्यांना गांवांत जाऊन चौकशी करावी लागली, लोकांना रस्त्यावर यावें लागलें. तेव्हां कोठें मोठ्या लेखण्या जाग्या झाल्या. मारणाऱ्यांच्या बाजूची कुजबूज छापणें हा निःपक्षपात, आणि मरणाऱ्यांच्या बाजूनें विचारणें हा जातीयवाद. हा कोठला न्याय?

हें असें कां होतें, याचें उत्तर खुर्च्या मोजल्या म्हणजे सांपडतें. २०१९ सालीं ऑक्सफॅम व न्यूजलाँड्री यांनीं देशांतील पत्रें, वाहिन्या, मासिकें आणि संकेतस्थळें यांतील प्रमुखपदाच्या १२१ जागा मोजल्या. त्यांपैकीं १०६ जागा उच्च जातींच्या हातीं होत्या. अनुसूचित जातीजमातींचा एकहि मनुष्य नव्हता. त्या मोजणींत पुढारलेलीं संकेतस्थळेंहि होतीं, हें ‘स्वतंत्र’ म्हणविणारांनीं ध्यानांत ठेवावें.

पैशाची कथा याहून वेगळी नाहीं. २००९ च्या विधानसभा निवडणुकींत महाराष्ट्रांतील पत्रांनीं उमेदवारांच्या जाहिराती बातम्या म्हणून छापल्या. एकच मजकूर निरनिराळ्या पत्रांत निरनिराळ्या नांवांनीं निघाला! प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनें २०१० सालीं पत्रांचीं नांवें घेऊन अहवाल लिहिला, तर कौन्सिलनें तो पुरा प्रसिद्धच केला नाहीं. माहिती आयोगाच्या हुकुमामुळें तो २०११ सालीं लोकांपुढें आला. चोराची चौकशी चोराच्या सोयऱ्यांकडे सोपविल्यावर दुसरें काय होणार?

तर मग सरकारनेंच खरेंखोटें निवडावें काय? छे! २०२३ सालीं केंद्र सरकारनें तसा नियम केलाच होता कीं, सरकारी कारभाराविषयींची कोणती बातमी खोटी हें सरकारचीच शाखा ठरवील. मुंबई उच्च न्यायालयांत दोन न्यायमूर्तींचीं मतें भिन्न पडलीं, आणि तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनीं २० सप्टेंबर २०२४ रोजीं तो नियम घटनाबाह्य ठरविला. आरोपीनेंच पंच व्हावें, हा प्रकार कोणत्याहि गांवच्या पंचायतींत चालत नाहीं.

म्हणून कांटा वाचकाच्याच हातीं असला पाहिजे. वाडीकरांस घरचेंच उदाहरण देतों. १ ऑक्टोबर २०२१ रोजीं देशांतील ४१ आयुध निर्माण्या सात कंपन्यांत वांटल्या गेल्या. अंबाझरीची निर्माणी यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली. संपास मनाई करण्याचा अधिकार सरकारास देणारा कायदाहि त्याच वर्षीं झाला. ही झाली घटना. तिला एकानें ‘सुधारणा’ म्हटलें काय, कीं दुसऱ्यानें ‘खाजगीकरणाची पहिली पायरी’ म्हटलें काय, तो त्याचा पक्ष झाला. तो त्यानें खुशाल मांडावा. पण तारीख, आंकडा आणि कायदा दोघांनींहि खरा सांगितला कीं नाहीं? कामगारांचा विरोध होता हें सांगितलें कीं दडपलें? एकातरी कामगारास विचारलें काय? चूक झाली तेव्हां, जितक्या मोठ्या अक्षरांत चूक छापली तितक्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती छापली काय? आणि खर्च कोण भागवितो, हें न विचारतां सांगितलें काय? हे प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाहीं.

शेवटीं एक कटु गोष्ट आपल्याच लोकांस सांगणें भाग आहे. आपल्या बाजूची म्हणून खोटी बातमी डोळे मिटून पुढें ढकलणारे आपल्यांतहि थोडे नाहींत. कोणी म्हणतात, ‘त्यांनीं शंभर वर्षें खोटें छापलें, आपण एकदां छापलें तर काय बिघडलें?’ बिघडतें तें असें : त्यांची थाप उघडी पडली तर त्यांचे कारखाने, कचेऱ्या आणि न्यायालयांतील वकील जागच्या जागीं राहतात, आपली एक थाप उघडी पडली कीं आपल्या खऱ्या शंभर तक्रारी फुकट जातात. उद्यां दुसरें खैरलांजी झालें तर आपल्या शब्दावर विश्वास कोणी ठेवावा? गरिबाजवळ भांडवल एकच, तें म्हणजे त्याची खरी साक्ष. जोतीरावांनीं आपल्या समाजाचें नांव ‘बहुजनशोधक’ ठेविलें नाहीं, ‘सत्यशोधक’ ठेविलें. त्या नांवाची लाज राखावयाची असेल तर कांटा आधीं आपल्या घरच्या पोत्यास लावा, मग शेजाऱ्याच्या. आणि वाचकहो, आमचें हें पत्रहि त्याच कांट्यावर खुशाल चढवा. तूट निघाली तर आम्हांस तोंडावर सांगा. ती आम्ही याच पानावर, याच अक्षरांत छापूं.