उतारवयांतील नवें गाणें

गवई वृद्ध झाला म्हणजे त्याजकडून नवी चीज ऐकावयाची नसते, जुनी तीच पुन्हां ऐकावयाची असते, असा एक अलिखित नियम आपल्यांत रूढ झालेला आहे. मैफलींत श्रोते ज्या चिठ्ठ्या पाठवितात, त्या बहुधा तीस वर्षांपूर्वींच्या पदांसाठीं. ह्यांत प्रेम आहे हें कोण नाकारील? परंतु त्या प्रेमांत नकळत एक निवाडाहि दडलेला असतो. तो असा कीं, ह्या मनुष्याच्या हातून जें कांहीं व्हावयाचें तें होऊन गेलें. हा निवाडा खरा कीं खोटा, ह्याचा विचार आज अशा एका उदाहरणावरून करावयाचा आहे, जें आमच्या पुष्कळशा वडील वाचकांस अपरिचित वाटेल.

तें उदाहरण पाश्चात्त्य पद्धतीच्या ‘रॉक’ संगीताचें आहे. हें संगीत म्हणजे नुसता गलका, अशी समजूत असलेलीं घरें आमच्या छत्रपति संभाजीनगरांत थोडीं नाहींत. ज्या शहरांत पंडित नाथराव नेरळकरांसारख्यांनीं शिष्यांच्या कानांवर सुरांचे संस्कार केले, तेथें कान थोडे कडक असावेत हें स्वाभाविकच आहे. तथापि घरांतील मुलें काय ऐकतात तें न ऐकतांच त्यास नांवें ठेवणें, हें रसिकतेचें लक्षण नव्हे.

रॉकचा ‘बँड’ म्हणजे चार-पांच जणांचा मेळ. एक गाणारा, विजेवरील गिटारी वाजविणारे एकदोघे, खर्जाचा आधार देणारी ‘बास’ गिटार, पेटीच्या जागीं कीबोर्ड, आणि ठेका धरणारे ड्रम. आपल्याकडे गवई मुख्य व साथीदार त्याचे अनुयायी. येथें मात्र सारे भागीदार. एकानें पद आणावें, दुसऱ्यानें चाल फिरवावी, तिसऱ्यानें ठेका बदलावा, आणि सर्वांचें भांडून झाल्यावर जें उरेल तें गाणें. म्हणून असा मेळ टिकविणें हें एकत्र कुटुंब टिकविण्याइतकेंच अवघड असतें.

मुंबईंत १९८४ सालीं ‘रॉक मशीन’ ह्या नांवानें असा एक मेळ उभा राहिला. त्या काळीं आपल्याकडील बहुतेक बँड विलायतेंतील प्रसिद्ध गाणीं हुबेहूब वाजवून दाखवीत, आणि नक्कल जितकी बेमालूम तितकी वाहवा अधिक होई. ह्या मंडळींनीं मात्र स्वतःचीं पदें रचण्याचा हट्ट धरला. १९८८ त व १९९० त त्यांचे दोन संग्रह निघाले. १९९३ त त्यांनीं ‘इंडस क्रीड’ असें, सिंधु नदीची आठवण देणारें, नवें नांव धारण केलें आणि १९९५ त त्याच नांवाचा तिसरा संग्रह काढला. पुढें दूरचित्रवाणीच्या संगीतवाहिन्यांवर हिंदी गाण्यांस अग्रस्थान मिळालें. इंग्रजी पदें रचणाऱ्या देशी कलावंतांस जागा उरेना. १९९७ त मेळ मोडला. मुख्य गायक उदय बेनेगल पुढें कित्येक वर्षें न्यूयॉर्कास राहिले. बाकीचेहि आपापल्या वाटेनें गेले.

येथवरची हकीकत अनेक मेळांची सांगतां येईल. निराळी गोष्ट ह्यापुढें आहे. २०१० सालीं बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया हे तिघे पुन्हां एकत्र आले. वास्तविक जुन्या पदांचेच जलसे करून कित्येक वर्षें सुखानें काढतां आलीं असतीं. ज्यांनीं तीं पदें महाविद्यालयाच्या वयांत ऐकलीं, ते आतां कमावते झालेले होते व आठवणींसाठीं पैसे मोजण्यास सिद्ध होते. परंतु ह्या तिघांनीं दोन गोष्टी केल्या. पहिली ही कीं, बास गिटारीवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी ह्या पुढच्या पिढीच्या वादकांस मेळांत घेतलें. दुसरी ही कीं, नवीं पदें रचावयास बसले. तिसऱ्या संग्रहानंतर सतरा वर्षांनीं, २०१२ सालीं, आठ पदांचा ‘इव्हॉल्व्ह’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. ह्या नांवाचा अर्थच ‘उत्क्रांत होणें’ असा आहे.

संग्रह तयार कसा होतो, हेंहि थोडें सांगितलें पाहिजे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळची लाखेची तबकडी एका बाजूस सुमारें तीन मिनिटेंच वाजे. त्या तीन मिनिटांत आलाप, ताना व समाप्ति बसविण्यासाठीं थोर गवयांची केवढी ओढाताण झाली असेल! आणि गायक व साथीदार यांनीं एकदांच, एकत्र, चूक न करतां वाजवावयाचें. आतां प्रत्येक वाद्य स्वतंत्र मुद्रित होतें, चुकलेला भाग पुन्हां वाजवितां येतो, आणि मग हे सारे पदर एकावर एक बसवून त्यांचें मिश्रण करण्यांत येतें. कोणता सूर पुढें आणावा, कोणता मागें ठेवावा, हें ठरविणारा मिश्रणकार हा एक परीनें अदृश्य साथीदारच होय. ‘इव्हॉल्व्ह’चें मिश्रण टिम पामर यांनीं केलें, अमेरिकेंतील ‘पर्ल जॅम’ ह्या बँडचा १९९१ चा ‘टेन’ हा विख्यात संग्रह त्यांच्याच हातून सिद्ध झाला होता. आमच्या शहराच्या हिमरू वस्त्रांत सूत व रेशीम एकत्र विणलेलें असतें. दोहोंची वीण हातास निरनिराळी लागते, पण अंगावर घेतांना वस्त्र एकच. चांगल्या मिश्रणाची कसोटी ह्याहून निराळी नाहीं.

ह्या संग्रहांतील ‘फायरफ्लाइज’, म्हणजे काजवे, किंवा ‘डिझॉल्व्ह’, म्हणजे विरघळणें, हीं पदें ऐकणारास एक गोष्ट चटकन जाणवते. पूर्वींच्या पदांतील झटपट ओठांवर बसणारें पालुपद येथें कमी आहे. पदें सावकाश उलगडतात व त्यांचा रंगहि गडद आहे. तरुणपणीं टाळी घेण्याची घाई असते. ती ओसरल्यावर मनुष्य काय बोलतो, तें येथें ऐकूं येतें. ह्या आठ पदांनीं देशांत खळबळ उडाली असें मुळींच नव्हे. परंतु खळबळ हें मोजमाप येथें लावावयाचेंच नाहीं.

नव्या वाटेस लागणाऱ्या प्रौढ कलावंतास किती एकटें चालावें लागतें, ह्याचा दाखला आपल्या रंगभूमीच्या इतिहासांतहि आहे. १९३५ सालीं, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, बालगंधर्वांनीं ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ ह्या बोलपटांत आमच्या पैठणच्या नाथमहाराजांची भूमिका केली. आयुष्यभर शालू नेसून रसिकांस मोहविणाऱ्या नटानें उपरणें पांघरून संताचें रूप घेतलें, हें धाडस लहान नव्हे. पण प्रेक्षकांस हवी होती ती भामिनी, सिंधु, रुक्मिणी. नारायणराव पुन्हां रंगभूमीकडे वळले आणि पुढेंहि वर्षानुवर्षें त्याच भूमिका करीत राहिले. आपण त्यांच्यावर अपार प्रेम केलें. पण त्या प्रेमानें त्यांस म्हातारें होण्याची मोकळीक दिली नाहीं, असें म्हटल्यास तें वावगें होईल काय?

आतां विलायतेकडे पाहूं. ‘रोलिंग स्टोन्स’ हा बँड १९६२ सालीं लंडनांत स्थापन झाला. त्याचा वृद्ध ड्रमवादक चार्ली वॉट्स २०२१ च्या ऑगस्टांत, ऐंशीव्या वर्षीं, निवर्तला. आजारामुळें दौऱ्यावर जाणें अशक्य होतें, तेव्हां स्टीव्ह जॉर्डन ह्याचें नांव स्वतः त्यानेंच सुचविलें होतें. वर्षानुवर्षें अर्धवट पडून राहिलेल्या पदांस अखेर मुदत घालून बँडनें काम पुरें केलें, आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत ‘हॅकनी डायमंड्स’ हा संग्रह बाहेर आला. नव्या रचनांचा त्यांचा ह्यापूर्वींचा संग्रह २००५ चा होता. गायक मिक जॅगर त्या वेळीं ऐंशी वर्षांचा, आणि संग्रहाचा निर्माता अँड्र्यू वॉट १९९० सालीं जन्मलेला! दोन पदांत वॉट्सचें पूर्वीं मुद्रित केलेलें वादन राखलें आहे; म्हणजे गेलेला वडील, त्याची जागा घेणारा आणि नातवाच्या वयाचा कारागीर हे तिघे एकाच संग्रहांत नांदतात.

आमच्या वाचकांचीं घरें बहुधा तीन पिढ्यांचीं. तेथें निवृत्त झालेल्या वडिलांकडून आपण काय मागतों? बहुतेक वेळां जुन्या गोष्टी: तेव्हां धान्य काय भावानें मिळे, निजामी राजवटींत शाळा कशी होती, मोठें लग्न कसें पार पडलें. हें सारें ऐकावें, आवडीनें ऐकावें. परंतु साठीनंतर कोणी मोडी लिपी शिकूं म्हणेल, कोणी सतार हातीं घेईल, एखादी आजी प्रथमच कथा लिहावयास बसेल, तर “आतां ह्या वयांत कशाला?” हा प्रश्न घरांतून प्रथम निघतो. तो काळजीनें विचारलेला असला, तरी त्यानें हात आंखडतो. उलटपक्षीं, वडील मंडळींनींहि त्या तिघांकडून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. नवें करावयाचें तर शेजारीं तरुणास जागा द्यावी लागते, आणि ठेका त्याच्या हातीं सोंपवून आपण सूर धरावा लागतो. अधिकार न सोडतां नवेपणा मिळत नाहीं.

म्हणून एखाद्या रविवारीं, दुपारचीं जेवणें आटोपल्यावर, घरांतील मुलांस ‘इव्हॉल्व्ह’ लावावयास सांगावें व सर्वांनीं मिळून तो ऐकावा. आवडलाच पाहिजे असा आग्रह नाहीं. नावडला तर कां नावडला, हें मुलांस समजावून सांगावें, आणि त्यांचें म्हणणेंहि तितक्याच शांतपणें ऐकून घ्यावें. त्यानंतर आजोबांस, ‘आपण सध्यां नवें काय करीत आहां?’ असें एकदां विचारून पाहावें.