विश्लेषण : इमारतीची दुरुस्ती झाली, तरी गंज परत का येतो?

गोरेगावातल्या कुठल्याही तीस-चाळीस वर्षं जुन्या सोसायटीत पावसाळ्यात डोकावा. जिन्याच्या छतावर नाहीतर तुळईवर तांबूस ओघळ दिसतोच. आमच्या इमारतीतही होता. सैल काँक्रीट ठोकून काढलं, सळया घासल्या, मसाला भरला, रंग लावला. दोन पावसाळ्यांनी तडा पुन्हा आला, भरलेल्या जागेला अगदी खेटून. सभेत सगळा राग कंत्राटदारावर निघाला. पण काम चोख झालं असतं तरी हे घडू शकलं असतं. कारण गंज हे मुळात विजेचं प्रकरण आहे.

गंजाचा विजेशी संबंध काय?

काँक्रीट अल्कधर्मी असल्यामुळे सळईवर पातळ संरक्षक थर तयार होतो. खाऱ्या हवेतलं क्लोराइड किंवा कार्बन डायऑक्साइड आत मुरलं की तो थर तुटतो. मग ओलसर काँक्रीटमध्ये सळईचीच बॅटरी होते. एक भाग ॲनोड होऊन झिजतो, शेजारचा कॅथोड होऊन शाबूत राहतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. त्या दाबानेच काँक्रीट फुटतं.

तडा ठिगळाच्या कडेलाच का?

झिजणारा भाग तोवर शेजारच्या सळईला वाचवत असतो. तिथे नवा मसाला आला की तो भाग कॅथोड होतो आणि क्लोराइड मुरलेल्या शेजारच्या भागावर झिजण्याची पाळी येते. ठिगळ टिकतं, गंज पुढे सरकतो.

वीज इथे कामाला कशी येते?

अनेक गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते. ती आधी झिजते, म्हणून टाकी वाचते. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांना लोखंड आणि जस्त जोडून हेच केलं होतं. दुरुस्तीच्या वेळी ठिगळाच्या कडेला सळईला जस्ताचे छोटे ॲनोड बांधता येतात. दुसरी पद्धत बाहेरून डीसी करंट देण्याची. जमिनीखालच्या पोलादी गॅसवाहिन्यांसाठी ती रुळलेली आहे. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका पुलाच्या काँक्रीटसाठीही ती वापरली गेली.

मग अडतं कुठे?

माझ्या मते, निविदेतच. आपण फुटलेलं तेवढं मोजतो, आत चाललेलं मोजत नाही. त्यासाठी हाफ-सेल चाचणी आहे. कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडच्या तुलनेत आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेला, तर तिथे गंज सुरू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त मानली जाते. वर दिसेपर्यंत थांबणं किती महाग पडतं, ते पणजीने ५ जुलै १९८६ रोजी पाहिलं. त्या दिवशी मांडवी पूल कोसळला. काँक्रीटमधल्या ताण दिलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या.

ॲनोड ही जादू नव्हे. झिजलेल्या सळईची जाडी तो परत आणत नाही, जस्तही कधीतरी संपतं. इमारत खिळखिळी झाली असेल तर आधी मजबुतीकरण हवं. पण मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब नुसार स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं. मग त्याच अहवालात गंजाचा नकाशाही मागावा. पुढच्या सभेत रंगाची छटा ठरवण्याआधी एवढंच विचारा : ठिगळाच्या शेजारच्या सळईचं काय?